उशिरा सुरुवात करायची असेल तर: फुटबॉल, सायकल की ग्रीक-लॅटिन?

या तिन्हींपैकी कशात आयुष्य घालावं असं कोणी विचारलं, तर आधी वय विचारावं. आवड, पैसा, नावलौकिक हे सगळं नंतर. कारण उशिरा आलेल्या माणसाला ही तीन क्षेत्रं फार वेगवेगळी वागणूक देतात.

फुटबॉलचा निकाल झटपट लागतो. पेले १९५८ साली १७ व्या वर्षी विश्वविजेता झाला होता. मोठे क्लब शाळकरी वयातच मुलं अकादमीत घेतात आणि मिसरूड फुटायच्या सुमारास त्यातल्या बहुतेकांना नारळ देतात. यावर जेमी वार्डीचं नाव हमखास पुढे केलं जातं. सोळाव्या वर्षी क्लबने सोडलं, मग कारखान्यात नोकरी करत तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला, २०१२ मध्ये पंचविशीत लेस्टरने घेतला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता झाला. पण या पठ्ठ्याने मधल्या काळात खेळ कायमचा सोडला नव्हता. उशीर झाला तो त्याला हेरायला. पंचविशीत पहिल्यांदा बूट बांधणाऱ्याने त्याच्याकडून धीर घेऊ नये.

संपतंही लवकर. जुस्त फॉन्तेनने १९५८ च्या विश्वचषकात ६ सामन्यांत १३ गोल केले. एका स्पर्धेतला तो विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही. पुढे पाय दोनदा मोडला आणि १९६२ मध्ये, २८ व्या वर्षी, खेळ थांबला. स्टॅन्ली मॅथ्यूज १९६५ मध्ये पन्नाशी पार करून इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत उतरला हे खरं, पण त्याच्या भरवशावर कोणी आयुष्याचा बेत आखू नये.

महिलांच्या रस्ता-सायकलिंगमध्ये मात्र दार बराच काळ उघडं असतं. अ‍ॅनेमिक फान फ्लॉइटन आधी फुटबॉलच खेळायची. गुडघ्याने दगा दिला म्हणून सायकलवर आली, आणि व्यावसायिक संघात पोचेपर्यंत पंचविशी आली होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आघाडीवर असताना घाटाच्या उतारावर ती अशी आपटली की कण्याला फ्रॅक्चर झालं. २०२२ मध्ये त्याच बाईने एका मोसमात जिरो ही इटलीतली मोठी शर्यत, महिलांची तूर द फ्रान्स आणि जागतिक अजिंक्यपद जिंकलं, शेवटचं तर कोपराचं हाड मोडलेलं असताना. तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. जानी लोंगो त्याच्याही पुढे: २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४९ व्या वर्षी टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकटीने धावायच्या शर्यतीत, चौथी, कांस्यपदक दोन सेकंदांहून कमी अंतराने हुकलं.

याचं कारण सरळ आहे. चेंडूवरचा ताबा लहानपणीच पायात मुरावा लागतो. लांब पल्ल्याचा दम वर्षानुवर्षं वाढवता येतो आणि तिशीतही टिकतो. धावण्यात, नौकानयनात किंवा ट्रायथलॉनमध्ये कमावलेला दम सायकलवर बराचसा कामी येतो. येत नाही ते घोळक्यात चाकाला चाक लावून चालवणं आणि ओल्या उतारावर ब्रेक कुठे सोडायचा याचा अंदाज. उशिरा आलेल्या बायका अडखळतात त्या इथे.

आना कीसनहोफरने तर हा प्रश्न घोळक्याबाहेर राहूनच सोडवला. ही ऑस्ट्रियाची, गणितात पीएचडी, तेव्हा लोझानला विद्यापीठात संशोधन करणारी. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या शर्यतीच्या वेळी कुठल्या व्यावसायिक संघाशी करार नाही, प्रशिक्षक नाही, सरावाची आखणी स्वतःची. १३७ किलोमीटरची शर्यत. झेंडा पडताक्षणी ती निसटली, सोबतच्या चौघी एकेक करून मागे पडल्या आणि शेवटचे सुमारे ४० किलोमीटर तिने एकटीने मारले. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे अजून एक जण आहे हे मागच्यांच्या ध्यानातून गेलं. सव्वा मिनिटाने फान फ्लॉइटन रेषेवर आली ती सुवर्ण जिंकल्याच्या आनंदात हात उंचावूनच. मला ही शर्यत पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते, आणि दर वेळी फान फ्लॉइटनची कीवही येते.

पैशाचं बोलायचं तर सायकलवालीने डोळे उघडे ठेवून यावं. वरच्या श्रेणीच्या महिला संघांना किमान वेतनाचा नियम लागू झाला थेट २०२० मध्ये, तोही वर्षाला १५,००० युरोपासून. २०२२ ची महिलांची तूर जिंकणारीला बक्षीस ५०,००० युरो, पुरुष विजेत्याला ५ लाख. इंग्लंडच्या बेरिल बर्टनच्या काळात तर तेही नव्हतं. रस्त्यावरच्या शर्यतीत दोनदा जगज्जेती, पण आयुष्यभर हौशी, आणि कष्ट यॉर्कशरमधल्या रुबार्बच्या शेतावर. १९६७ मध्ये बारा तासांच्या शर्यतीत तिने २७७.२५ मैल कापले. पुरुषांच्या विक्रमापेक्षा जास्त! पुढच्या पुरुष स्पर्धकाला मागे टाकताना तिने त्याच्यापुढे ज्येष्ठमधाची गोळी धरली, आणि त्याने ती घेतली. फुटबॉलमधला पैसाही सुरुवातीपासूनचा नाही म्हणा. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. ती उठली आणि जॉनी हेन्सला १०० पौंड मिळू लागले.

आता ग्रीक-लॅटिन. इथे उशीर माफ आहे, ढिलाई नाही. ए. ई. हाउसमन १८८१ मध्ये ऑक्सफर्डच्या शेवटच्या परीक्षेत नापास झाला. मग दहा वर्षं पेटंट कचेरीत कारकुनी, आणि संध्याकाळी ब्रिटिश म्युझियममध्ये बसून लॅटिन कवींच्या पाठांवर लेख. त्या लेखांच्या जोरावर १८९२ मध्ये तो लंडनला लॅटिनचा प्राध्यापक झाला. मानिलियस या फारसा कोणी वाचत नसलेल्या लॅटिन कवीची त्याची आवृत्ती पाच भागांत निघाली, पहिला १९०३ मध्ये आणि शेवटचा १९३० मध्ये.

मायकल व्हेंट्रिस तर वास्तुविशारद. १९५२ मध्ये त्याने लिनिअर बी ही मातीच्या पाट्यांवरची प्राचीन लिपी उलगडली आणि तिच्यातली भाषा ग्रीकच निघाली. चार वर्षांनी, ३४ व्या वर्षी, तो मोटार अपघातात गेला. पण एकट्या व्हेंट्रिसची गोष्ट सांगून थांबणं अन्यायाचं होईल. ब्रुकलिनला शिकवणारी अ‍ॅलिस कोबर दिवसाचे वर्ग आटोपून रात्री याच लिपीवर बसायची. युद्धामुळे कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या पाठकोऱ्या बाजू कापून तिने चिठ्ठ्या केल्या. सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या, सिगारेटच्या खोक्यांत लावलेल्या. शब्दांचे शेवट ठरावीक रीतीने बदलतात हे तिने दाखवून दिलं, आणि व्हेंट्रिसला त्याचा मोठा आधार झाला. उलगडा व्हायच्या दोन वर्षं आधी, १९५० मध्ये, ती गेली.

म्हणून माझं मत असं: विशी उलटली असेल आणि फुटबॉल आजवर अंगणातच खेळला असाल, तर तो रविवारपुरता ठेवा. दम असलेल्या तिशीच्या आतल्या बाईने सायकलला दोन मोसम द्यायला हरकत नाही, मात्र नोकरी किंवा शिक्षण न सोडता, कीसनहोफरसारखं. आणि वय कितीही असो, ग्रीकचा विचार असेल तर आधी व्याकरणाचं एक प्राथमिक पुस्तक संपवा, मग कोश घेऊन होमरच्या दहा ओळी लावायला बसा. पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ जाईल. दुसऱ्या दिवशी अकरावी ओळ काढायला आपणहून बसलात, तर पुढच्या वर्गाची फी भरा.