बाळाच्या विकासाचे टप्पे नोंदवणारे ॲप : वर्षभराच्या वापरानंतर

मुलगी दोन महिन्यांची असताना आम्ही अमळनेर तालुक्यातील आमच्या घरी ३९९ रुपये वार्षिक वर्गणी भरून हे मराठी ॲप घेतले. त्यातील चित्रफिती उत्तम आहेत. ‘आधाराशिवाय बसणे’ म्हणजे हात जमिनीला न टेकवता बसणे, हे वाचून जितके कळत नाही तितके वीस सेकंदांत दिसते.

पहिली मोठी उणीव मात्र नोंदणीच्या पानावरच आहे, कारण तिथे केवळ जन्मतारीख विचारतात, बाळ पूर्ण दिवसांचे होते की नाही हे विचारत नाहीत. आमची मुलगी सात आठवडे आधी जन्मली. बाराव्या महिन्यात ‘धरून उभी राहत नाही’ अशी नोंद करताच लाल सूचना आली आणि घरात दोन दिवस कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले, की दोन वर्षांपर्यंत वय मोजताना ते सात आठवडे वजा करायचे असतात. पुढे पाच आठवड्यांनी ती आजीच्या बाजेचा पाय धरून उभी राहिली. त्याच सुमारास कळण्याच्या भाकरीचा कण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलताना दिसली, ती नोंद करायला मात्र आम्ही विसरलो.

रांगण्यालाही या ॲपने अनिवार्य टप्पा केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या भारतासह पाच देशांतील अभ्यासात काही निरोगी मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती, आणि स्वतंत्र चालण्याचा कालावधी सुमारे ८ ते साडेसतरा महिने इतका रुंद आढळला होता. ॲप मात्र प्रत्येक टप्प्यापुढे एकच महिना छापते.

‘इकडे ये’ म्हटल्यावर बाळ येते का, या प्रश्नाला मी आधी ‘नाही’ लिहिले होते. आईने शेजारून ‘आठे ये’ म्हटले आणि पोरगी लगेच वळली. घरात अहिराणी बोलली जात असेल तर मुलाला कळणारे शब्द अहिराणीतच मोजायला हवेत, ही साधी सूचना ॲपमध्ये कुठेही नाही.

सर्वांत गंभीर बाब अशी, की एकदा हिरवी झालेली खूण ॲप पुन्हा विचारत नाही. बोलू लागलेले मूल बोलायचे थांबले, किंवा येत असलेली हालचाल जाऊ लागली, तर ते कोणत्याही वयात तातडीने डॉक्टरांना दाखवायचे लक्षण आहे, आणि नेमके तेच इथे निसटते.

अंगणवाडीतून विनामूल्य मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डात चित्रफिती नाहीत. पण वजनाच्या आलेखावर टिंब काढताना सेविकाताई मुलीला मांडीवर घेऊन तिच्याशी बोलतात. पुढील वर्षाची वर्गणी मी भरलेली नाही. मुलीच्या नोंदी आता त्या कार्डावरच होतात.