पहिल्याच वादळाला कोणता स्नोब्लोअर: पेट्रोलचा की बॅटरीचा?

अमेरिकेत बफेलो, बॉस्टन किंवा न्यू जर्सीच्या उत्तर भागात घर घेतलेल्यांनी जानेवारीतला भुसभुशीत बर्फ डोळ्यांपुढे ठेवून स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून बाजूला फेकणारं मशीन, निवडू नये. खरा कस लागतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ओल्या, जड बर्फात. बफेलोलगतचं ईरी सरोवर तेव्हा गोठलेलं नसतं, त्यामुळे त्याची वाफ बर्फ होऊन काठावर कोसळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे ८० इंच बर्फ पडला, तो त्यामुळेच. सिंगल-स्टेज मशीन, ज्यात पुढचा फिरता स्क्रू (ऑगर) एकटाच बर्फ ओढतो आणि फेकतो, मी इथे जमेस धरतच नाही. रस्ता साफ करणारा प्लाउ ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ढीग लावून जातो, त्यात ते दमतं. तुलना २४ इंच रुंदीच्या टू-स्टेज मशीनांचीच; त्यांत ऑगर बर्फ ओढतो आणि मागचा पंखा तो शूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, दूर फेकतो.

ताकद आणि दम यांत पेट्रोल पुढे, यात वाद नाही. टाकी संपली की पुन्हा भरा आणि चालू करा. अडचण आहे ती कार्ब्युरेटरची, आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच केला.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. मशीन मार्चपासून पडून राहतं, फ्लोट बाउलमधलं (कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर इंधन सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक बुजवतो. मग इंजिन अर्ध्या चोकवरच चालतं, चोक काढला की गचके देत बंद पडतं. जानेवारीत हे कळलं तर दुरुस्तीला सवड असते; पहिलं वादळ अवेळी आलं की नसते, आणि दुरुस्तीवाल्याकडे तेव्हाच रांग लागते. पेट्रोल खराब होऊ न देणारा स्टॅबिलायझर टाकीत नुसता ओतून भागत नाही. तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचावा म्हणून नंतर इंजिन पाच-दहा मिनिटं चालवावं लागतं. शिवाय ऑइल आणि बेल्ट पाहावे लागतात, आणि दोन्ही चाकांत सारखी हवा हवी, नाहीतर मशीन एका बाजूला ओढतं.

बॅटरीवाल्याला यातलं बरंच काही नाही. पण त्याचे नखरे वेगळे. लिथियम बॅटरी शून्य सेल्सियसच्या खाली चार्ज करायची नसते, म्हणून बॅटऱ्या घरात ठेवाव्यात आणि काम सुरू करतानाच बसवाव्यात. ओल्या बर्फात त्या कोरड्याच्या निम्म्या कामातच संपतात, निदान माझा अंदाज तसा आहे. त्यामुळे तोंडाशी लागलेला ढीग भरल्या बॅटरीवर आधी काढावा, मधला भाग नंतर. मोठा धोका विजेचा: झाडांवर पानं असतानाच ओला बर्फ पडला की फांद्या तारांवर कोसळतात. ऑक्टोबर २००६ मध्ये बफेलोत आणि ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत लाखो घरं अंधारात गेली. वादळाचा इशारा आला की त्याच दिवशी सगळ्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज हव्यात.

दोन्हींना सारखं लागणारं थोडक्यात. डांबरी ड्राइव्हवेवर स्क्रेपरखाली (जमिनीलगतच्या खरवडणाऱ्या पट्टीखाली) जाड पुठ्ठा ठेवून स्किड शू, म्हणजे मशीनची उंची ठरवणारे बाजूचे पाय, घट्ट करा; खडीवर मशीन बरंच उंच ठेवा. ऑगर आणि शूटमध्ये सिलिकॉन स्प्रे मारा. जास्तीच्या शिअर पिना (ऑगर अडकला की मुद्दाम तुटून गिअरबॉक्स वाचवणाऱ्या पिना) कंपनीच्याच घ्या; त्यांच्या जागी साधा बोल्ट लावला तर तो तुटत नाही, गिअरबॉक्स तुटतो. शूट तुंबला तर मशीन बंद करा, किल्ली किंवा बॅटरी काढा, काठीने मोकळा करा. हात कधीच नको, अडकलेला ऑगर बंद मशीनमध्येही झटक्याने फिरू शकतो.

दोन गाड्यांचा सरळ ड्राइव्हवे असेल तर माझा कल बॅटरीकडे आहे, जास्तीच्या बॅटऱ्यांचा खर्च धरूनही. लांब चढाचा रस्ता असेल, किंवा घर सरोवराच्या बर्फपट्ट्यात असेल, तर पेट्रोल घेणाऱ्याला अडवणार नाही. फक्त शेवटची टाकी डब्यातल्या इथेनॉलविरहित इंधनाची ठेवा, आणि मार्चमध्ये इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, मग बाउलखालचा बोल्ट काढून उरलेले थेंबही गाळून टाका.