जुनी जपानी हॉलो-बॉडी गिटार मुंबईत घेताना: इबानेझ २३५५ (१९७६)

मुंबईत जुनी हॉलो-बॉडी, म्हणजे पोकळ अंगाची, इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्याने नाव आणि साल यांच्या आधी नेक (तारा दाबायची लांब मान) आणि सांधे पाहावेत, हे माझे मत या खरेदीनंतर पक्के झाले आहे. मी घेतलेली गिटार १९७६ सालची इबानेझ २३५५ आहे. गिब्सन या अमेरिकी कंपनीच्या ईएस-१७५ वर बेतलेली ही जपानी गिटार मूळ गिटारीच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात मिळते आणि या शहराच्या हवेत तिच्याइतकीच तग धरते.

ईएस-१७५ गिब्सनने १९४९ साली बाजारात आणली. कंपनीच्या महागड्या गिटारींची पुढची फळी अखंड स्प्रूस कोरून काढलेली असे, तर हिची फळी लाकडाचे पातळ थर उभे-आडवे चिकटवून दाबाखाली घडवलेली होती. त्यामुळे किंमत आवाक्यात राहिली आणि ॲम्प्लिफायर वाढवल्यावर पोकळ गिटारीतून जी शिट्टी उठते तीही थोडी आटोक्यात आली. मुंबईकराच्या दृष्टीने मात्र या बांधणीचा खरा फायदा निराळाच आहे. अखंड लाकूड पावसाळ्यात पाणी ओढून फुगते, एसीच्या खोलीत आकसते आणि काही वर्षे असे होत राहिले की रेषांच्या दिशेने तडकते. उभ्या-आडव्या थरांची फळी ही ओढाताण आपापसातच जिरवते. जुलैत येथील सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, तर वाद्यासाठी पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के योग्य मानतात. कोरीव फळीची गिटार कितीही देखणी असली तरी, खोलीची आर्द्रता बारमाही सांभाळण्याची सोय नसेल तर, ती येथे घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

शोधाविषयी थोडे. धोबी तलावच्या दुकानांत प्रामुख्याने नवा माल असतो. चोर बाजारात, म्हणजे मटन स्ट्रीटवर, जुन्या गिटारी दिसतात, पण बहुतेक भारतीय बनावटीच्या. हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागावर) ‘गिव्हसन’ वाचून गिब्सन सापडल्याच्या आनंदात पाकीट काढणारी माणसे मी पाहिली आहेत. ती कोलकात्याची स्वतंत्र कंपनी आहे आणि तिच्या गिटारींचे भावही त्या मानानेच द्यावेत. चांगली जुनी वाद्ये या शहरात बव्हंशी घराघरांत आहेत. वांद्रे, माझगाव, ऑर्लेम येथील ज्या घरांत कोणी हॉटेलच्या बँडमध्ये किंवा चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला वाजवत असे, तेथे ती कपाटावर पडून असतात आणि ओळखीच्या वादकांमार्फतच बाहेर येतात. माझी गिटार अशाच एका घरातून आली. विकणारे गृहस्थ वयाने मोठे होते. “अंकल, दिवा लावून आतून पाहू का?” असे विचारल्यावर त्यांनी स्वतःच विजेरी आणून दिली, त्या व्यवहारात मला सर्वांत आश्वासक वाटलेली गोष्ट हीच. याउलट, परगावच्या एका विक्रेत्याने ‘सर्व भाग मूळचे’ असे लिहून त्याच्याकडच्या एका गिटारीची छायाचित्रे पाठवली होती, मात्र आतल्या भागाचे छायाचित्र मागताच त्याने उत्तर देणेच बंद केले.

आतून पाहणे हाच या खरेदीचा गाभा आहे. दंतवैद्य वापरतात तसा लहान आरसा एफ-आकाराच्या छिद्रातून आत सरकवून मागून प्रकाश टाकला की पुढच्या-मागच्या फळ्या आणि कडा यांचा सांधा, आतील आधारपट्ट्या आणि पूर्वीच्या दुरुस्तीचा सरेस हे सारे दिसते. माझ्या गिटारीत टेलपीसच्या, म्हणजे तारा मागे अडकवायच्या पट्टीच्या, खिळ्याजवळ मागची फळी कडेपासून बोटभर लांबीत सुटली होती. बोटाच्या पेराने फळीवर हलके टकटक केले की सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. तेवढ्यावरून ती जागा आरशाआधीच सापडली. असा सांधा पुन्हा चिकटवता येतो, त्यामुळे तो नाकारण्याचे कारण नव्हे, मात्र भाव पाडण्याचे नक्कीच आहे. नाकारावे ते नेकसाठी. सहाव्या तारेला पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून मधल्या फ्रेटवरचे अंतर पाहावे; जाड कागद जेमतेम सरकेल एवढी फट असेल तर उत्तम. फट मोठी असेल आणि ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक सुधारणाऱ्या आतल्या सळईचा, नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर पुढचा खर्च गिटारीच्या मूल्यालाही गिळू शकतो. ही गिटार या परीक्षेत उतरली. पहिले पाच फ्रेट तारांखाली खड्डे पडण्याइतके झिजले होते, म्हणजे कोणीतरी ती वर्षानुवर्षे मनापासून वाजवली होती आणि नेक शाबूत असण्याचे तेही एक कारण असावे.

वय पडताळणे जपानी गिटारीत तुलनेने सोपे आहे. त्या काळच्या इबानेझ क्रमांकातील पहिले अक्षर महिना सांगते, ए म्हणजे जानेवारी या हिशोबाने, आणि पुढचे दोन अंक वर्ष सांगतात. साठच्या दशकातील गिब्सनचे क्रमांक मात्र वेगवेगळ्या वर्षांत पुन्हा वापरले गेले होते, त्यामुळे तेथे पोटेन्शियोमीटरच्या (व्हॉल्यूम-टोनच्या घुंडीखालच्या भागाच्या) पाठीवरचे आकडे वाचावे लागतात: १३७६६३२ असे असेल तर १३७ हा निर्माता सीटीएस, ६६ हे वर्ष आणि ३२ हा आठवडा. ते आकडे भाग कधी बनला एवढेच सांगतात; गिटार त्याआधीची नाही असा निष्कर्ष काढता येतो, तोही भाग बदललेला नसेल तर. जपानी प्रतिकृतींना विक्रेते सरसकट ‘लॉसूट’ (दाव्यातली) म्हणतात आणि त्यापोटी जास्त पैसे मागतात. गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकी वितरकावर १९७७ साली दावा केला तो हेडस्टॉकच्या आकारावरून, आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. त्या शब्दाने आवाजात काडीचा फरक पडत नसल्यामुळे मी त्यासाठी एक रुपयाही जास्त दिला नाही.

पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेत बदलणारे भाग, तपासण्यासाठी गिटार उघडण्याची गरज नसते. केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून, केबलच्या मोकळ्या प्लगच्या अणीवर आणि दांड्यावर मल्टिमीटर धरला की रोध कळतो. दोन्ही हंबकर (दुहेरी गुंडाळीचे पिकअप) आठ किलोओहमच्या आसपास निघाले, म्हणजे गुंडाळी तुटलेली नव्हती. नेककडच्या पिकअपचा आवाज, टोन अर्ध्यावर घेतला की, गोल, जड आणि लवकर विझणारा आहे. जॅझच्या कॉर्डसाठी नेमका तोच हवा असतो. ब्रिजकडचा (तारा टेकतात त्या घोडीजवळचा) पिकअप मला पातळ वाटला आणि तो मी क्वचितच वापरतो. आवाज वाढवल्यावर शिट्टी येतेच. मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांनी मधोमध लाकडी ठोकळा असलेली, १९५८ साली आलेल्या ईएस-३३५ च्या वळणाची गिटार पाहावी; ही त्यांच्यासाठी नव्हे.

खरेदीची रक्कम ₹७०,००० आणि त्यावर दुरुस्तीचे सुमारे ₹१२,०००. अंधेरीतील ज्या कारागिराकडे काम दिले त्यांनी सांधा चिकटवला, पाच फ्रेट बदलले आणि बारा-बावन्न (इंचाच्या हजारांशांत) मापाच्या, तिसरीही गुंडाळलेली असलेल्या फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा चढवल्या. या गिटारीचा ब्रिज फळीला जोडलेला नसतो, तारांच्या दाबानेच जागेवर उभा राहतो. म्हणून सगळ्या तारा एकदम काढू नयेत, एकेक बदलावी, नाहीतर ब्रिज हलतो आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर पुन्हा जुळवत बसावे लागते. कारागिराने बिलाच्या मागे पेन्सिलीने ब्रिजची जागा मिलिमीटरमध्ये लिहून दिली, हे मला फार आवडले.

एक तक्रार उरते ती सुट्या भागांची. जपानी गिटारीचे माप मेट्रिक असल्यामुळे अमेरिकी मापाच्या घुंड्या तिच्या दांड्यांवर नीट बसत नाहीत आणि एफ-छिद्रातून पोटेन्शियोमीटर बदलायचा म्हणजे त्याला दोरा बांधून आतून ओढत आणावा लागतो. कामाची मजुरी त्यामुळेच वाढते. माझा नेककडच्या टोनचा पोटेन्शियोमीटर अजून थोडा खरखरतो. संपर्क-सफाईच्या फवाऱ्याने तो महिनाभर गप्प बसतो, म्हणून बदलण्याचे काम मी पावसाळा ओसरल्यावर, दुसऱ्यांदा फ्रेट घासायला देईन तेव्हाच करून घेणार आहे.