दादाच्या सक्तीच्या भरतीचे तीस दिवस

थोरल्या भावाला दारूच्या उपचारांसाठी त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वेळ आमच्यावर आली, तेव्हा पहिल्यांदा विचारणा केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राने फोनवरच ‘गाडी पाठवतो, चार माणसे उचलून आणतील, तीन महिने भेटायचे नाही’ असे सांगून आगाऊ रक्कम मागितली. डॉक्टर कधी तपासतील, या प्रश्नाला ‘आणल्यावर बघू’ एवढेच उत्तर मिळाल्याने आम्ही तो नाद सोडला.

दुसरे ठिकाण मानसोपचार रुग्णालय होते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ नुसार तेथे नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने कायद्याने बोलणारी व्यक्ती) म्हणून वहिनीचा अर्ज घेण्यात आला, मानसोपचारतज्ज्ञांनी आणि आणखी एका डॉक्टरांनी दादाला स्वतंत्रपणे तपासले, आणि ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची असून तिच्याविरुद्ध त्याला स्वतः मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे (अशा भरतींची तपासणी करणाऱ्या, याच कायद्याखालच्या मंडळाकडे) दाद मागता येईल, हे त्यालाच समोर बसवून समजावले. (तो कितपत शुद्धीत होता, हा भाग निराळा.) दारू अचानक तुटल्याने दुसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागले आणि चादरीवरचे, आम्हाला न दिसणारे किडे तो वेचू लागला, परिचारिकेने दिवा न मालवता दर अर्ध्या तासाने नाडी पाहिली, थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शने तर आधीच सुरू होती. घरात कोंडून ठेवले असते, तर हीच रात्र जिवावर बेतली असती.

उणिवा आहेतच: समुपदेशन आठवड्यातून दोनदाच, जेवण अळणी, आणि घरी परतल्यानंतरच्या पाठपुराव्याचा सगळा भार वहिनीवर. दादा माझ्याशी अजून नीट बोलत नाही.