पन्नाशीनंतर पुन्हा बाईक: क्लासिक ३५० की हायनेस?

"यंदा बुलेट घेतोच," म्हणणारे पन्नाशीतले गडी कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्लोगल्ली भेटतील. मधली वर्षं कारमध्ये गेलेली असतात, हे मात्र कुणी धरत नाही.

रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० आणि होंडाची हायनेस सीबी३५०, दोन्हींची ताकद २०-२१ बीएचपीच्या आसपास. सीटची उंचीही साधारण ८०० मिमी. फरक आहे वजनाचा. क्लासिक १९५ किलो, हायनेस १८१. पळत्या गाडीवर हे १४ किलो कळत नाहीत. महाद्वार रोडच्या गर्दीत उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागं ओढताना मात्र कंबर बोलायला लागते.

क्लचमध्ये होंडा सरळ पुढं. असिस्ट-स्लिपर क्लचमुळं लिव्हर हलका लागतो. शिवाय पन्हाळा उतरताना घाईत एकदम खालचा गिअर पडला, तरी मागचं चाक सहसा अडखळत नाही. सवय मोडलेल्या माणसाकडून असा गिअर पडणारच. मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोलही आहे, आणि उसाच्या हंगामात ट्रॉलीतून पाला सांडलेल्या रस्त्यावर त्याचा उपयोग होतो.

क्लासिकची बाजू फिटरची. गगनबावड्याच्या वाटेवर बंद पडली तर हात घालणारा कुणीतरी सापडतो. होंडासाठी बिगविंगच, म्हणजे होंडाची मोठ्या बाईकची शोरूमच, गाठायची.

गुडघे-कंबर कुरकुरत असतील तर माझं मत हायनेसला. फक्त बुकिंगआधी लायसन्सची मुदत बघा; चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.