कृपा, मुक्तांगण की माळ?

घरातला पोरगा गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनच) ओढतोय किंवा नवरा दारूत बुडालाय हे नातेवाइकांना कळलं की दोन सल्ले हमखास येतात: ‘व्यसनमुक्ती केंद्रात टाका’ आणि ‘देवाला लावा’. दोन्हींत तथ्य आहे, क्रम मात्र चुकता कामा नये.

तुळशीची माळ घातली की दारू-मटण बंद, हा वारकऱ्यांचा नेम. खर्च जवळजवळ नाही. शिवाय संध्याकाळी बसायला भजनी मंडळ मिळतं, जुना अड्डा आपोआप सुटतो. ही गोष्ट लहान नाही. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. तिथे बुवा नाही, डॉक्टर लागतो. गर्दची टर्की, म्हणजे ती सोडल्यावर होणारा शारीरिक त्रास, सहसा जीव घेत नाही, पण सोसवतही नाही. खरा धोका नंतरचा. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने ओढतो किंवा टोचून घेतो; मग श्वासच बंद पडतो.

‘कृपा’ ही व्यसनमुक्ती संस्था फादर जो परेरांनी १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू केली. कॅथलिक धर्मगुरू, आणि शिष्य योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे! त्यामुळे तिथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या बारा पायऱ्या आणि योगासनं एकत्र नांदतात. ‘फादर आहेत म्हणजे बाटवतील’ ही भीती मी अनेकदा ऐकली आहे. पण दारं सगळ्या धर्मांना उघडी आहेत, आणि बारा पायऱ्यांतला देव ‘आपल्याला जसा समजला तसा’.

पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलं, सुरुवातीला पु. लं.ची देणगी होती. इथे आधार देवाचा नाही, समुपदेशनाचा आणि एकमेकांसमोर मन मोकळं करण्याचा. देव-देव केल्यावर चिडणाऱ्या माणसाला मी इकडेच पाठवेन. ज्याचा देवावर मुळात विश्वास आहे त्याला ‘कृपा’ सोपी जाईल. माळ मात्र उपचारानंतर, आणि त्याने स्वतः मागितली तरच. आईच्या शपथेवर घातलेली माळ पहिल्याच स्लिपला, म्हणजे पुन्हा प्यायल्यावर, खुंटीवर जाते.

कुठलंही केंद्र असो, नोंदणी आहे का आणि रात्री दोन वाजता फिट आली तर कोण बघणार, हे आधी विचारा. भरती व्हायचं नसेल तर निदान १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.