पेज की पाव-भाजी?

गोव्यातल्या फोंड्यात कामावर निघताना हॉटेलात पाव आणि पातळ भाजी खायची, ही माझी कित्येक वर्षांची सवय. चव उत्तमच, आणि भाजीतल्या वाटाण्या-चण्यांतून प्रथिनं मिळतात. पण पाव मैद्याचा. त्याने रक्तातली साखर भरभर चढते नि तशीच उतरते. अकरा वाजले की डोळे जड व्हायचे, पुन्हा चहा लागायचा.

पेजेचं तसं नाही. ती उकड्या तांदळाची. उकडा तांदूळ म्हणजे भात सालासकट उकडून, वाळवून मग कांडलेला. उकडताना कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, आणि पिष्टातून ऊर्जा काढायला शरीराला नेमकं तेच लागतं. आईची पेज मला अजून दिसते: दाणा बोटांत दाबला की फुटायचा, पण लगदा नाही, वर मिठात मुरलेल्या कैरीची फोड. तेल नाही, पाणी भरपूर, म्हणून पोट हलकं. मे महिन्यात घामावाटे गेलेलं मीठ-पाणीही भरून येतं. रक्तदाब असेल तर कैरी बेतानेच.

नुसत्या पेजेत प्रथिनं कमी पडतात. सोबत मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगांचा रस्सा, किंवा अळसांद्याची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ हवीच. मी आता रोज पेजच घेते. पाव-भाजी रविवारी, निवांत बसून.